पाव तोळा, अर्धा आणा

हिंजवडीकडून मारुंजीत शिरताना आज दोन्ही हातांना उंच इमारती लागतात, कंपन्यांच्या बसगाड्या लागतात, पाठीवर चौकोनी पिशवी बांधून दुचाकीवरून घरोघर माल पोचवणारी मुलं लागतात. हे सगळं मागे टाका. साल १८५३, महिना भाद्रपद. तुमच्या पायाखाली चिखलाची वाट आहे. दोन्ही बाजूंना भातखाचरं, त्यांत आंबेमोहर पोटरीला आलेला. पुढे गवताने शाकारलेली घरं, मधूनच एखादं कौलारू.

कुलकर्ण्यांच्या ओट्यावर एक म्हातारी बसली आहे. तिचा मुलगा मुंबईच्या गोदीत हमाली करतो. कुलकर्णी बोरू शाईत बुडवून तिच्यासाठी मोडीत लिहीत आहेत. कागद जुन्नरी, हाताने केलेला, जाडसर. लिहून झाल्यावर ते त्यावर वाळू भुरभुरतात, झटकतात, घडी घालून कडा चिकटवतात. म्हातारी तुमच्याकडे वळते. ‘‘पुण्याला जायाचं हाय न्हवं, लेकरा? मंग येवढा कागूद टपालात घाल.’’ तुम्ही पैशांचं विचारता. ती मान हलवते. ‘‘पैसं दिऊ नगंस. आदी पैसं घेतलं म्हंजी मंग कागूद पोचवायची गरज कुनाला? पोरगं दील तिकडं.’’

तिला अडाणी समजू नका. तिचा हिशेब पक्का आहे. १८५३ साली टपालाचे पैसे पाठवणाऱ्याने आधी भरले काय किंवा घेणाऱ्याने नंतर भरले काय, सरकारला दोन्ही चालतं. आधी भरलेले पैसे रोख जातात कारकुनाच्या हातात. पत्रावर तिकीट नाही, कारण तिकीट नावाची वस्तूच अजून पुण्या-मुंबईकडे आलेली नाही. कारकुनाने किती घेतले आणि वहीत किती लिहिले, हे मारुंजीच्या बाईला कळायचं कसं? पैसे शेवटी द्यायचे असतील, तर ते वसूल करण्यासाठी तरी टपालवाला तिच्या पोराला शोधून काढील. म्हणून तेव्हाचे असंख्य लोक पत्र मुद्दाम बिनपैशाचंच पाठवत.

तर तो कागद कमरेला लावून तुम्ही निघता. वाकडवरून मुळा उतरायची, औंध, मग गणेशखिंड. पुणं सहाएक कोसांवर. टपाल कचेरीत मुनशी पत्र तराजूत टाकतो. एका पारड्यात पत्र, दुसऱ्यात तोळ्याचं माप. तोळा म्हणजे कंपनीच्या एका रुपयाचं वजन. वजन झालं की तो विचारतो, ‘‘कुठलं?’’ कारण १८३७ च्या टपाल कायद्याने दर दोन गोष्टींवर ठरतो : वजन किती आणि अंतर किती. जितके मैल तितके जास्त आणे. कलकत्त्याहून आग्र्याला तोळाभर पत्र धाडायचं तर बारा आणे, कलकत्त्याहून मुंबईला धाडायचं तर एक रुपया. शेतावरच्या मजुराला दिवसाचे दोन आण्यांच्या आसपास मिळतात. म्हणजे कलकत्त्याचं एक पत्र हे आठवडाभराच्या घामापेक्षा महाग.

त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली आहे. पैसे घेऊन पत्रं वाहण्याचा हक्क फक्त कंपनी सरकारचा. सावकारांचे कासीद, खाजगी डाका यांचा धंदा कायद्याच्या बाहेर गेला. गरिबाला उरला एकच फुकटचा मार्ग : त्या बाजूला जाणारं-येणारं कुणी माणूस गाठायचं आणि हात जोडायचे. वारकरी, बैलांचे तांडे, लग्नाचं वऱ्हाड, सुटीवरचा शिपाई, आणि आज तुम्ही.

मुनशी पत्रावर शिक्का मारतो आणि ते थैलीत जातं. तुम्हीही थैलीबरोबर चला. १८३० साली गव्हर्नर माल्कम यांनी खुला केलेल्या बोरघाटाच्या रस्त्याने ती खाली उतरते, पनवेलला पोचते, तिथून खाडीच्या वाटेने मुंबई. गोदीजवळच्या एका चाळवजा घरापाशी टपालवाला नाव पुकारतो. म्हातारीचा मुलगा बाहेर येतो, पत्र हातात घेतो, उलटंपालटं करतो, कोपऱ्यात कुलकर्ण्यांनी काढलेली बारीकशी खूण पाहतो आणि पत्र परत करतो. ‘‘न्हाई परवडत.’’ खूण म्हणजे घरी सगळी खुशाल. त्याला निरोप पोचला, सरकारला एक पैसाही मिळाला नाही. इंग्लंडातले गरीबसुद्धा पाकिटावर अशाच खुणा करून पत्रं परत करत असत. महाग टपालाने जगभरच्या गरिबांना एकच युक्ती शिकवली होती.

पण खूण फक्त खुशाली सांगते. कुलकर्ण्यांनी आत काय लिहिलं होतं? कदाचित बैल विकल्याचं, कदाचित धाकटीच्या लग्नाचं. ते मुलाला कधीच कळलं नाही. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त बोचतात ती ही परत गेलेली, न फोडलेली पत्रं.

आणि त्याच थैलीत, त्याच हरकाऱ्याच्या खांद्यावर, साहेब लोकांची पत्रं फुकट जात होती. कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांना सहीवर पत्रं पाठवायची मुभा होती. खालच्या टोकाला, गावपातळीवर, सरकारी कागद पुढच्या गावी पोचवणं हे महारांच्या वतनी कामात धरलेलं. मारुंजीच्या महाराने भर पावसात सरकारी लखोटा पुढच्या गावच्या पाटलाकडे न्यायचा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. वरच्याचं पत्र फुकट, ते वाहणाऱ्याचे पाय फुकट, आणि मधल्या म्हातारीला मात्र मैलामागे आणे. टपालाचा दर कोण भरत होतं, हे एवढ्यावरून दिसतं.

आता थोडं समुद्रापार बघा, कारण मारुंजीच्या पत्राचं नशीब तिकडे फिरलं. १८३७ सालीच रोलंड हिल नावाच्या इंग्रजाने टपाल सुधारणेवर एक पुस्तिका काढली. त्याने हिशेब मांडला की लंडनहून एडिंबरोला एक पत्र नुसतं वाहून न्यायला येणारा खर्च पेनीचा छत्तिसावा हिस्सा भरतो. खरा खर्च दोन टोकांना आहे : पत्र घेणं, दर ठरवणं, हिशेब लिहिणं, दारात उभं राहून पैसे वसूल करणं. मग अंतराप्रमाणे दर कशाला? सगळीकडे एकच दर ठेवा आणि पैसे आधीच घ्या. १८४० साली ब्रिटनमध्ये पेनीचं टपाल सुरू झालं आणि पहिल्याच वर्षात पत्रांची संख्या दुपटीच्या वर गेली.

हिंदुस्थानात हे लगेच लागू करणं सोपं नव्हतं. हिलचा हिशेब घोडागाड्यांच्या आणि आगगाड्यांच्या देशातला. इथे थैली माणसाच्या खांद्यावरून जायची. घुंगरू लावलेली काठी खांद्यावर, रात्री मशालजी बरोबर, काही कोसांवर दुसरा हरकारा उभा. इथे प्रत्येक कोसाला खरोखरच पैसे पडत. १८५० साली बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांतून एकेक अधिकारी घेऊन टपालाची चौकशी करणारं मंडळ नेमलं गेलं. पुढच्या वर्षी त्यांनी सांगितलं : अंतर विसरा, दर एकच ठेवा, तिकीट काढा. सिंधमध्ये बार्टल फ्रियर यांनी तर वाटही पाहिली नाही. साताऱ्याचं काम पाहून ते तिकडे गेले होते, पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. जुलै १८५२ मध्ये त्यांनी सिंधपुरतं अर्ध्या आण्याचं तिकीट काढलंसुद्धा. ते आशियातलं पहिलं टपाल तिकीट.

चला, ऑक्टोबर १८५४. शके १७७६, दसऱ्याचे दिवस. मारुंजीची खाचरं पिवळी पडायला लागली आहेत. त्याच वर्षी मुंबईहून आगगाडी कल्याणला पोचली आहे. पुण्याला यायला तिला अजून चार वर्षं आहेत. या वेळी म्हातारीने तुमच्या हातावर एक ढब्बू ठेवला आहे. तांब्याचा जाड, दोन पैशांचा, म्हणजे बरोबर अर्ध्या आण्याचा.

पुण्याच्या कचेरीत मुनशी अंतर विचारत नाही. १ ऑक्टोबरपासून नवा कायदा लागू झाला आहे. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, अर्ध्या तोळ्याला एक आणा, तोळ्याला दोन आणे. मुंबई असो, कलकत्ता असो, पेशावर असो, दर तोच. तो राणीचं डोकं छापलेल्या निळ्या तिकिटांचा कागद पुढे ओढतो. कडेला भोकं नाहीत, म्हणून कात्रीने एक तिकीट कापतो आणि तुमच्याकडे सरकवतो. कलकत्त्याला सर्वेक्षण खात्याच्या छापखान्यात दगडावर छापलेलं हे तिकीट. चिकटवलंत की कारकुनाच्या खिशाचा प्रश्न मिटला. पैसे भरल्याची पावती आता पत्राच्याच अंगावर आहे, आणि ती मुंबईचा टपालवालाही वाचू शकतो, अक्षर न येणारी म्हातारीही ओळखू शकते. बिनतिकिटाचं पाठवलंत तर घेणाऱ्याला दुप्पट पडेल. म्हणजे म्हातारीची जुनी युक्ती आता तोट्याची झाली.

या निर्णयाचं मोठेपण मला इथे दिसतं. त्या दिवशी साऱ्या हिंदुस्थानात आगगाडीचे रूळ शंभर मैलसुद्धा नव्हते. तरीही जंगलातून, घाटातून, नदीच्या उतारातून धावणाऱ्या हरकाऱ्याच्या पायांवर भरवसा ठेवून सरकारने अंतराचा दर पुसून टाकला. हिलने इंग्लंडात केलं त्याहून हे अधिक धाडसाचं होतं. जवळच्या पत्राने लांबच्या पत्राचा भार उचलायचा, हे तत्त्व कायद्याने मान्य केलं.

पण मुनशीने पत्र तराजूत टाकलं आहे, तिकडे लक्ष द्या. पाव तोळा म्हणजे चांदीच्या चवलीचं दुप्पट, पावलीइतकं वजन. आजच्या मापाने तीन ग्रॅमलाही थोडं कमी. तुमच्या कार्यालयातल्या छपाईयंत्रात असतो तो साधा कोरा कागद घ्या, त्याचं एकच पान पाव तोळ्यापेक्षा जड भरतं. कुलकर्ण्यांचा जुन्नरी कागद पारडं खाली नेतो. मुनशी म्हणतो, ‘‘एक आणा.’’ तुमच्याकडे ढब्बू एकच. पदरचा दुसरा घाला. म्हातारीला सांगू नका.

ब्रिटनशी तुलना करा म्हणजे हे नीट दिसेल. तेव्हाच्या भावाने अर्धा आणा म्हणजे पाऊण पेनी, तिकडच्या दराहून स्वस्त. पण पेनीत तिकडे अर्धा औंस जाई, आणि तो पाव तोळ्याच्या जवळजवळ पाचपट. तितकं वजन इथे न्यायचं तर दोन आण्यांच्या वर, म्हणजे तीन पेनींच्या वर. मजुरी मात्र इंग्लंडच्या मजुराच्या पासंगालाही न पुरणारी. जगातलं सर्वांत स्वस्त टपाल अशी त्याची वाहवा झाली, ती खरी होती फक्त हलक्या, चिमुकल्या पत्रापुरती.

म्हणून पुढच्या वेळी मारुंजीच्या ओट्यावर काय होतं ते बघा. कुलकर्णी पातळ कागद शोधतात. मराठी पत्राचा मायना ऐसपैस : वर ‘श्री’, मग तीर्थरूप, चिरंजीव, अनेक आशीर्वाद, येथील क्षेम, तेथील क्षेम. या सगळ्यालाच अर्धं पान लागतं. आता ते मायना आवरता घेतात, ओळी दाट लिहितात, समासातही लिहितात. म्हातारी विचारते, ‘‘मम्हईला बी दोन पैसं आन काशीला बी दोनच?’’ कुलकर्णी होय म्हणतात. ‘‘मंग काशीला कुनी असतं तर बरं झालं असतं,’’ ती म्हणते.

हा कायदा ज्याच्या कारकिर्दीत आला, तो गव्हर्नर जनरल डलहौसी. रेल्वे, एकसारखं टपाल आणि तारायंत्र यांना त्याने समाजसुधारणेची तीन यंत्रं म्हटलं. त्यानेच साताऱ्याचं राज्य खालसा केलं, आणि टपालाचा कायदा आला त्याच १८५४ साली नागपूर आणि झाशीही. ही टपालाची थैली हुकूम लवकर पोचावेत म्हणूनही होती, हे मारुंजीत उभं राहून विसरता येत नाही. तरी म्हातारीचं पत्र त्याच थैलीतून गेलं आणि फोडलं गेलं, हेही तितकंच खरं.

१८६९ साली अर्ध्या आण्यात अर्धा तोळा जाऊ लागला. कुलकर्ण्यांचा जुन्नरी कागद पुन्हा बाहेर निघाला. इथे फार थांबायचं कारण नाही.

थांबायचं ते जुलै १८७९ मध्ये. चिखल तोच, खाचरं तीच, पण माणसं वाळलेली. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनवरून नुकताच गेला आहे. मेमध्ये पुण्याचा बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा आगीत होरपळले. वासुदेव बळवंत फडक्यांचा पाठलाग चालू आहे. याच महिन्याच्या २० तारखेला ते पकडले जातील. पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीतला हा कारकून बंड करून उठला, ते या भुकेकडे पाहून. अशा महिन्यात टपाल खात्याने एक नवी वस्तू विकायला काढली आहे. पिवळसर तपकिरी जाड कागदाचा तुकडा, वर राणीचं चित्र आधीच छापलेलं, एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला मजकूर. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. पोस्टकार्ड.

ऑस्ट्रियात दहा वर्षांपूर्वी पहिलं कार्ड निघालं होतं. इथे आलं ते मात्र या मातीसाठीच घडवल्यासारखं. तराजू नाही, कारण वजन ठरलेलं. तिकीट नाही, पाकीट नाही, खळ नाही. वही-पेन्सिल घेऊन शाळेत जाणारा पोरगा स्वतः लिहू शकतो. म्हातारी आता नाही. तिच्या सुनेच्या हातात तुम्ही कार्ड देता. ती मागून-पुढून बघते. ‘‘बंद न्हाई करायचं? सारं गाव वाचंल की.’’ तिचं म्हणणं बरोबर आहे. खेड्यात कार्ड मालकाच्या हाती पडण्याआधी टपालवाला वाचे, पाटलाच्या ओट्यावरची मंडळी ऐकत. पण जिला स्वतःला वाचता येत नाही, तिचं बंद पाकीटसुद्धा कुलकर्ण्यांपुढे उघडं पडायचंच. तिच्या पत्राला खाजगीपणा आधीही नव्हता. आता निदान ते एका पैशात उघडं पडत होतं.

गावांनी या कार्डाची आपली रीत बसवली. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की अक्षर वाचण्याआधीच घरात रडणं सुरू होई, कारण ते मरणाचं. हळदीकुंकवाची बोटं लागलेलं कार्ड शुभकार्याचं. खात्याने असा नियम कधी केला नव्हता. गोदीतल्या पोराने पाकिटावरची खूण वाचली होती, तसंच हे न वाचता वाचणं. फक्त या वेळी कार्ड परत जात नव्हतं.

मग १ जानेवारी १८८० पासून मनीऑर्डर टपाल खात्याकडे आली. तोवर मुंबईहून घरी पैसे धाडायचे तर सावकाराची हुंडी आणि तिची हुंडणावळ, नाहीतर गावाकडे निघालेल्या माणसाच्या कनवटीला. आता गिरणीतल्या मजुराचे रुपये टपालवाला दारात मोजू लागला. गावाकडच्या किती चुली त्यावर पेटल्या, त्याचा विचार करा.

आणि एक शेवटची झेप, मारुंजीबाहेर. १ जुलै १८७६ ला हिंदुस्थान जागतिक टपाल संघात सामील झाला होता आणि परदेशी टपालाचे गुंतागुंतीचे दर सुटसुटीत होऊ लागले होते. टपाल खात्यातच कारकून असलेल्या गोपाळराव जोश्यांच्या घरी १८८० साली न्यू जर्सीहून थिओडोशिया कार्पेंटर या अनोळखी बाईंचं पत्र आलं. गोपाळरावांची पत्नी आनंदी तेव्हा पंधरा वर्षांची. दोघींची पत्रं सुरू झाली, १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. पत्र पाठवणं सामान्य घराच्या आवाक्यात आलं नसतं, तर ही ओळख कशी टिकली असती?

सुधारणा म्हणून मोठी १८५४ ची. पण खेड्यातल्या गरिबाच्या हातात टपाल आलं ते १८७९ साली, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्ध्या आण्याने अंतर मिटवलं, आणि एका पैशाने वजन, तराजू व मुनशी तिघांनाही वाटेतून दूर केलं. अभ्यासात आणि संग्रहांत मान मिळतो निळ्या तिकिटाला. त्या तपकिरी कार्डाला त्याहून मोठा मान मिळायला हवा.

आता परत या. इमारती, बसगाड्या, पिशव्या सगळं जागेवर आहे. तुमच्या आजोळी एखाद्या ट्रंकेत, तारेला टोचलेल्या जुन्या पत्रांच्या जुडग्यात अशी कार्डं असतील. ती रद्दीत घालू नका. त्यांवरचे शिक्के, तारखा, छापलेला दर वाचा, मोडी असेल तर वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. आणि भारतीय टपाल खात्याचं पोस्टकार्ड आजही पन्नास पैशांना मिळतं, मारुंजीहून देशात कुठेही, एकाच दराने. या आठवड्यात एक विकत घ्या आणि कुणाला तरी लिहा.